शिवरामदादांच्या खोलीतली कामं

नाते गावच्या शिवरामदादांनी मला सांभाळलं. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढचं सांगता सांगता मी माझंच पुराण लावीन आणि त्यांचं राहून जाईल, अशी मला धास्ती वाटते. गावाकडच्यांनी हे वाचावं, आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांनीही.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. पोलादपूरच्या थांब्यावर एस.टी. धूळ उडवत उभी होती. वडील काठी टेकत डोंगर उतरून आले होते. झाडावरून पडून त्यांची कंबर गेली तेव्हाच माझी शाळा पाचवीत सुटली होती. आता धाकटे दोघे शेतात उभे राहण्याजोगे झाले, म्हणून एकोणिसाव्या वर्षी मी मुंबईला निघालो. आईनं नाचणीच्या भाकऱ्या आणि सुकटीची पुडी हातात दिली. "अडलं तर इचार रे," ती म्हणाली, "गप नको बसू. तुझा सोभावच गप बसायचा हाय."

मुंबईत आमच्या बाजूच्या माणसांची एक खोली होती. सोळा जण, दोन पाळ्यांत झोपणारे. शिवरामदादा खोलीतले वडीलधारे, कापडगिरणीत जॉबर, म्हणजे माणसं कामाला लावणारे मुकादम. नवा माणूस आला की ते त्याला लगेच गिरणीत नेत नसत. आधी पंधरा दिवस खोलीतली कामं: तांदूळ निवडणं, पाणी भरणं, भांडी. आम्हाला वाटायचं, फुकट राबवून घेतात. पण ते विडी ओढत बसून बघत असत. कोण खडा सापडला की तेवढाच काढतो आणि कोण सूप पुन्हा पहिल्यापासून बघतो. भात करपला तर कोण सांगतो आणि कोण वरचा वरचा वाढतो. मी वरचा वरचा वाढणारा.

"खालचा भात काय उद्याच्या पाळीला ठेवलास का रं?" असं दादा सगळ्यांसमोर म्हणाले तेव्हा खोली हसली. मला मात्र वाटलं, आता हा माणूस मला घरी पाठवतो.

पाठवलं नाही. धुलाई खात्यात बदली म्हणून लावलं. धुतलेलं ओलं कापड ढकलगाडीतून घडी खात्यात न्यायचं, रात्रभर ते गाडीतच राहायचं, सकाळी वाळवून घड्या पडायच्या. बदली म्हणजे आज काम, उद्याचं सांगता येत नाही. त्या भीतीनं मी न सांगितलेलं कामही करायचो. गाडीच्या तळाशी एक कुबट तरट होतं. नीटनेटकेपणा दिसावा म्हणून मी ते काढलं, धुतलं आणि वाळत घातलं.

दोन दिवसांनी कापडाच्या ताक्यांवर तांबूस डाग दिसू लागले. बारीक, मुगाएवढे. मी घाबरलो. कोणाला न सांगता लिंबू आणि साबण घेऊन, मधल्या सुट्टीत, हाती लागतील तेवढे डाग चोळत बसायचो. चार जायचे, दहा नवे यायचे. तिसऱ्या दिवशी आमच्या खात्याच्या मास्तरांनी धुलाईच्या हौदावरच्या रहीमचाचांना बोलावलं. हौदाचं पाणी गंजकं असणार, असं त्यांचं म्हणणं. पंचवीस वर्षं पाणी सांभाळलेला माणूस खाली मान घालून उभा होता. उद्यापासून हौदावर दुसरा माणूस, असं ठरलं.

त्या संध्याकाळी मी खोलीवर पाण्याच्या पिंपाशी बसलो होतो. पत्र्याचं पिंप खालून पाझरत होतं. मी रोज बाहेरून साबण-चुना लिंपायचो, रोज ते सुटायचं. दादा मागं येऊन उभे राहिले.

"गावी बांधाला खेकड्यानं बीळ पाडलं, पाणी खालच्या खाचरात पळतंय. तू काय करतोस?"

"वरच्या खाचरात उतरून पायानं बिळाचं तोंड चाचपतो. आतनं चिखल दाबतो."

"भायनं का नाय दाबत?"

"भायनं राहात नाय, दादा. पाणी ढकलून देतं."

"मग हितं?"

मी म्हटलं, आतून लिंपायचं तर पिंप रिकामं करावं लागेल. नळ सकाळीच येतो. सगळे विचारतील, पाणी कुठं गेलं.

"म्हंजे तुला बीळ ठावं हाय. लोकं इचारतील त्याचं भ्या वाटतं." एवढं बोलून ते अंघोळीला गेले.

मी पिंप ओतून टाकलं आणि आतून लिंपलं. शिव्या खाल्ल्या. त्यातली एक तर माझ्या सख्ख्या मावसभावाची. "आता घामानं तोंड धुतो मी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाळीआधी अर्धा तास गेलो. डाग जिथं दिसत होते तिथून उलटा चालत निघालो. घडीच्या टेबलावर कापड पसरलं तर डाग दर दोन हातांवर, एका ओळीत. पाण्यानं पडलेले डाग असे मोजून पडत नाहीत. वाळवणीच्या दांड्या पुसून पाहिल्या, त्या स्वच्छ. मग गाडीत वाकलो. तळाच्या फळ्यांतून खिळ्यांची डोकी वर आली होती, गंजलेली. तरट होतं ते त्यासाठीच. ते मी काढलं होतं.

तरट गुपचूप परत घातलं असतं तर डाग थांबले असते आणि दोष हौदाच्या माणसावरच राहिला असता. मी दादांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला कशाला सांगतोस? ज्यांना सांगायचं त्यांना सांग. मी संगती येतो."

मास्तर भडकले. पाचवी नापासांना आत घेतलं की असंच होतं, म्हणाले. मी नापास नव्हतो, पण ते सांगायची वेळ नव्हती. दादा एवढंच बोलले, "साहेब, डाग कुठनं आला ते यानंच हुडकलं. आणि माग काढत सोताच्या दारात आला तरी मागं फिरला नाय. याला काढायचं तर काढा, पण माझं नाव घालूनच काढा."

वीस वर्षांची जॉबरकी त्यांनी माझ्यासारख्या बदलीच्या शब्दावर पणाला लावली. रहीमचाचा हौदावर राहिले. मला पंधरा दिवस काम मिळालं नाही, आणि मग घडी खात्यात डाग बघायलाच बसवलं.

आज मी इंदूरच्या गिरणीत आहे. हाताखाली आठ माणसं. बोलणं निम्मं हिंदी झालंय. पोहे इथंही मिळतात, पण त्यात बडीशेप असते. नवा माणूस आला की मी त्याला आधी चहा करायला सांगतो आणि दूध उतू गेलं तर तो काय करतो ते बघतो. माणसं मला विक्षिप्त समजतात. अजूनही मालकाचा निरोप आला की आता काढून टाकतात असंच वाटतं. ती भीती काही गेली नाही. गाव म्हटलं की पूर्वी डोंगर, आई, शेत डोळ्यांपुढं यायचं. आई आता नाही. आता वाटतं, जिथं आपली चूक माहीत असूनही कोणी आपल्या शेजारी उभं राहतं, तेच घर. मला ते पहिल्यांदा सोळा माणसांच्या एका खोलीत मिळालं.

दादा, तुम्ही आता नाते गावी आहात, गुडघे गेले म्हणता, मुलं मुंबईत आणि भातलावणीला माणूस मिळत नाही. यंदा मला रजा नाही. पण एका वर्षी भर लावणीत मी येणार, आणि तुमची सगळी खाचरं माझ्या हातानं लावून देणार. तुम्ही पडवीत विडी ओढत बसा आणि बघा. माझा शब्द आहे.