काखेतली सुई

डिसेंबरचा दुसरा रविवार, सकाळी साडेदहा, अकोला. हजर: अमरावतीहून आम्ही तिघी, मोर्शीहून एक, अकोल्याच्या पाच, अकोटच्या काकू आणि बाई. एकूण अकरा. गैरहजर दोन. एकीकडे साखरपुडा, दुसरीने कारण कळवलेलं नाही. जागा: वकिलीणबाईंची गच्ची, पूर्वेकडची बाजू, कारण सकाळचं ऊन तिथे बरं लागतं.

आमचं विणकाम मंडळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी भरतं. एक महिना अमरावतीला, एक महिना अकोल्याला. अकोल्यात बसून लोकरीचं विणतो म्हटलं की लोक आधी हसतात. मे महिन्यात इथला माणूस ओला पंचा डोक्यावर घेऊन फिरतो आणि यांना स्वेटर सुचतात. त्यांचं चूक नाही. आमचं निम्मं विणकाम नातवंडांसाठी बंगलोरला आणि कॅनडाला जातं. उरलेलं आम्ही एकमेकींना देतो आणि मिळालेलं कपाटात ठेवतो.

मंडळाचे नियम तीन आहेत. मांडीवर लोकर असताना संत्रं सोलायचं नाही. दुसरीने निवडलेल्या रंगाला नावं ठेवायची नाहीत. आणि निसटलेला टाका दिसला की तो कोणाचाही असो, तिथल्या तिथे सांगायचं. तिसरा नियम बाईंचा. बाईंनी अकोल्याच्या मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिवण आणि विणकाम शिकवलं. मी माहेरची अकोल्याची, त्यांच्याच हाताखाली सुलट-उलट शिकले. मंडळातल्या निम्म्या जणी त्यांच्या विद्यार्थिनी आहेत, आणि उरलेल्यांनाही त्या तशाच वागवतात.

जूनमध्ये बाई जिन्यात घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, मग व्यायाम. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरला त्या आल्या नाहीत. डिसेंबरला येते म्हणाल्या तेव्हा मी वहीत पहिलं काम लिहिलं, बाईंचं स्वागत. मोर्शीच्या मैत्रिणीने त्यांच्यासाठी वेगळी संत्री आणली होती, वकिलीणबाईंनी पोह्यांवर जास्तीचे शेंगदाणे घातले होते.

बाई आल्या, बसल्या, पोहे खाल्ले. मग पिशवीतून रबर लावलेल्या सुयांची जुडी काढून माझ्यापुढे ठेवली.

"चौदा जोड्या आहेत. वाटून टाक. कोणाला कुठली दिली ते लिही म्हणजे भांडणं नकोत."

"बाई, असं काय करता?"

"मनगट वळत नाही गं. दहा टाके घातले की हात भरून येतो. घरात सुया दिसल्या की माझी नुसती चिडचिड होते." मग म्हणाल्या, "आणि जानेवारीपासून मला धरू नका. तुमच्या तोंडाकडे बघत बसायला मी काय पोलीस आहे?"

मला अशा वेळी हाताला काम लागतं, म्हणून मी वही उघडली आणि खरोखर वाटप सुरू केलं. आज विचाराल तर ते चुकलंच. पण सुया फार चांगल्या होत्या हेही खरं. जुन्या, गुळगुळीत, टोकं अजून शाबूत. दोघी-तिघींनी डोळे पुसले आणि मग ओळीने नंबर विचारायला सुरुवात केली. आठ नंबर माझ्याकडे नाही. बारा कोणाला हवी आहे का, नसेल तर मी घेते. एकच जोडी लांब होती, चांगली हातभर, आणि ती मोर्शीच्या मैत्रिणीला मिळाली. तिला सासूबाईंसाठी शाल करायची होती. सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्याकडे काही मागितलं होतं. तिची गाडी साडेबाराची असते, त्यामुळे सुया पिशवीत घालून, बाईंच्या पाया पडून ती निघाली.

अकोटची एस.टी. त्या दिवशी उशिरा आली होती, म्हणून काकू आल्या तेव्हा मोर्शीची जिना उतरत होती. काकूंना वर आल्यावर सगळा प्रकार कळला. मी त्यांच्यापुढे उरलेल्या जोड्या धरल्या.

"मले नको," काकू म्हणाल्या आणि आपलं विणकाम काढून बसल्या.

काकूंबद्दल थोडं सांगायला हवं. घरची शेती, सून-नातवंडं, आणि या सगळ्यातून दर महिन्याला एक रविवार सोडवून त्या येतात. विणायला त्यांना त्यांच्या गावच्या दवाखान्यात बदलून आलेल्या एका नर्सबाईने शिकवलं. त्यांची पद्धत आमच्यापेक्षा वेगळी. आम्ही सगळ्या दोन्ही सुया हातात धरतो. काकू लांब सुया वापरतात आणि उजव्या सुईचं मागचं टोक उजव्या काखेत दाबून धरतात. पहिल्या वर्षी बाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "काकू, ताप आहे का? काढा ते थर्मामीटर." सगळ्या हसल्या, काकूही हसल्या, आणि सुई होती तिथेच राहिली. तेव्हापासून दर वेळी बाई थर्मामीटर काढायला सांगतात आणि काकू "हो, काढतो नं" म्हणून पुढची ओळ सुरू करतात.

त्या दिवशी बाई काही बोलल्या नाहीत. काकूंनी अर्धी ओळ विणून वाट पाहिली असावी. मग मान वर न करता म्हणाल्या, "बाई, आज ताप नाई विचारला?"

"तुम्ही ऐकता कुठे."

"मनगट काहून दुखते पण?"

"वळवलं की दुखतं. विणायला मनगट वळवावं लागतं काकू, एवढं तरी शिकवलं असेल ना नर्सबाईंनी."

"मंग माह्यं कुठी वळते? पाहा बरं."

आम्ही पाहिलं. सहा वर्षं काकू आमच्यात बसून विणताहेत आणि आम्ही एकदाही त्यांच्या हाताकडे नीट पाहिलं नव्हतं, फक्त काखेकडे पाहून हसलो होतो. काकूंची उजवी सुई हलतच नव्हती. काखेने ती पक्की धरलेली. मनगट जागच्या जागी. डावा हात टाके पुढे ढकलत होता आणि उजव्या हाताचं एक बोट धागा टाकून मागे येत होतं.

बाई पुढे वाकल्या. मग परत मागे टेकल्या. "मी तीस वर्षं पोरींच्या काखेतल्या सुया काढल्या आहेत."

"मंग आता एक घाला," काकू म्हणाल्या.

वकिलीणबाईंचे यजमान कोर्टात जातात, पण घरात वकिली यांचीच चालते. त्या म्हणाल्या, "बाई, पुरावा समोर आहे. आता तारीख मागू नका."

बाईंनी वाटलेल्यांपैकी एक जोडी माझ्याकडून घेतली आणि काखेत धरायला गेल्या, पण ती आखूड. टोक काखेपर्यंत पोचेचना, पोचलं तर हात कोंबडीच्या पंखासारखा आवळावा लागे. तेव्हा काकूंनी आपल्याच सुया, त्यावर चाललेल्या नातवाच्या राखी स्वेटरसकट, बाईंच्या मांडीवर ठेवल्या. शेजारी सरकून बसल्या आणि बाईंचा दंड धरून शरीराला टेकवला.

"असा. कुकू लावाले जितका हात हालते, तितकाच हालवाचा. दाबू नका इतकं. ते काय पळून नाई जात."

"मला शिकवताय?"

"नाई तं काय, पूजा करून राहिली?"

पहिला टाका यायला एक मिनिट तरी लागलं असेल. दुसरा लवकर आला. मधेच काकूंनी बाईंच्या बोटावर हलकी चापट मारली, जशी बाई आम्हाला मारायच्या, आणि आम्ही विद्यार्थिनी मोठ्या समाधानाने एकमेकींकडे पाहिलं. सातव्या टाक्याला धागा सरकला आणि टाका निसटला. मला दिसला. नियम माहीत होता, पण त्या क्षणी जीभ उचलेना. मग वाटलं, आज सांगितलं नाही तर मी यांना आजारी धरलं असं होईल.

"बाई, सातवा निसटला."

"दिसतोय मला. तू तुझं बघ. तुझी कड वर ओढली जातेय कधीची."

खरंच ओढली जात होती. बाईंनी तो टाका स्वतःच उचलून घेतला. ओळ पूर्ण झाली तेव्हा त्यांचं कपाळ घामाने ओलं होतं. मनगट दुखतंय का, असं विचारल्यावर त्यांनी ते फिरवून पाहिलं नाही, नुसतं मांडीवर ठेवून पाहिलं. "काख दुखतेय," म्हणाल्या. "मनगट नाही."

दुसरी ओळ त्यांनी कोणाला न विचारता सुरू केली. नातवाच्या राखी स्वेटरात त्या दोन ओळी आवळून आलेल्या स्पष्ट दिसतात. काकू म्हणाल्या, राहू द्या, पोराले काय समजते.

चहाच्या वेळी बाईंनी मला विचारलं, "जानेवारीला अमरावतीत कोणाकडे?"

"माझ्याकडेच."

"मग मी बडनेऱ्याला उतरते. न्यायला ये. आणि त्या सुया परत घे सगळ्यांकडून. मी काय मेले नाही."

ही कामं मी वहीत लिहून घेतली. गच्चीवरच बारा जोड्या परत आल्या, दोघींनी जरा तोंड वाकडं करून दिल्या. तेरावी आमच्या गल्लीतल्या मैत्रिणीच्या पिशवीच्या तळाशी होती, ती तिने घरी पोचल्यावर आणून दिली. काकूंनी आपल्या सुया स्वेटरसकट बाईंकडेच ठेवल्या आहेत, त्यामुळे सध्या स्वेटर बाई विणतात आणि काकू अकोटहून फोन करून गळा कुठे सुरू करायचा ते सांगतात. बाई रोज चार ओळी करतात आणि रात्री मला फोटो पाठवतात. पण त्यांना आपली ती मोर्शीला गेलेली लांब जोडी हवी आहे, हाताला बसलेली. नवी आणून देते म्हटलं तर नको म्हणाल्या. तरी मी अमरावतीत दोन दुकानांत विचारलं. तिथे हल्ली मधे तारेने जोडलेल्या आखूड सुयाच दाखवतात, आणि तार काखेत धरता येत नाही.

मोर्शीच्या मैत्रिणीने परवा शालीचा फोटो टाकला. शहाण्णव टाके, जांभळा रंग, दोन वीत झाली आहे. खाली लिहिलंय की सासूबाई रोज संध्याकाळी येऊन मोजून जातात. जानेवारीचा दुसरा रविवार अकरा दिवसांवर आला. तिला काय सांगायचं ते मी तीनदा ठरवलं आहे. लांब सुया बाईंना परत हव्यात, शाल उसवू नको, टाके आखूड सुयांवर घे, त्या मी पाठवते, एवढंच तर आहे. फोन अजून केलेला नाही.