कोंड्यात उरलेली लादी

साल २०२५. मला एकाहत्तरावं लागलं होतं. पौषातल्या एका सकाळी अंगण झाडता झाडता सगुणा, माझी बायको, खाली बसली. छातीला हात लावून म्हणाली, "बसू द्या थोडं." पुन्हा उठली नाही. गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं...

आमचं घर नवेगावच्या तलावाच्या बांधाजवळ. मी दुसरीपर्यंत शिकलेला. सारा जन्म मासोळीच्या व्यापाऱ्याकडे बर्फ फोडला. बर्फाची लादी पोत्यात घालायची, लाकडी मोगरीनं हाणायची, चुरा मासोळीवर टाकायचा. बोटं सुन्न झाली, पण हात कोणापुढे पसरला नाही. उशिरानं झालेला एकच पोरगा, प्रकाश, फौजेत गेला. हिवाळ्यात तो वर पहाडात असतो, जिथं घराच्या छपरापर्यंत बर्फ चढतो.

चार-पाच वर्षांमागं त्यानं फोनवर दाखवलं की त्याच्या सोबत्यांनी बर्फाचा माणूस उभा केला, त्याला टोपी घातली. सगुणानं विचारलं, हा कोण होय? तो म्हणाला, कोणी नाही, असाच. तिला ते पटलं नाही. तोंड आहे तर कोणीतरी असलाच पाहिजे, म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तिकडं लोकं बर्फाशी खेळून राहिले, अन् आपला सारा बर्फ मासोळ्याच खाऊन राहिल्या."

दुसऱ्या दिवशी दोन पोती चुरा मला घरी आणावाच लागला. अंगणात तिनं कमरेएवढा माणूस उभा केला. चिंचोक्यांचे डोळे, लाल मिरचीचं नाक, गळ्यात प्रकाशचा शाळेतला मफलर. फोन समोर धरून पोराला म्हणाली, "हा तुहा बाप. बोलत नाही, हालत नाही." पोरगा तिकडे हसून लोळला. मी रागानं वसरीत जाऊन बसलो, तर पोराला म्हणाली, हे पाह्य, उन्ह लागलं की सावलीत पळते. तेव्हापासून दर हिवाळ्यात तसाच माणूस व्हायचा. दुपारी ती त्याच्यावर धानाचं तणस घालून ठेवायची, की संध्याकाळी पोरानं पुन्हा फोन केला तर तोंड शाबूत राहावं.

ती गेली त्या दिवशी प्रकाशला कळवलं. सुट्टी लगेच मिळाली, पण खाली येणारा रस्ता बर्फानं बंद. उद्या उघडेल, म्हणाला. मी सगळ्यांना सांगून टाकलं की पोरानं मायचं तोंड पाहिल्याशिवाय तिरडी उचलायची नाही. व्यापाऱ्याकडून लाद्या आणल्या. माजघरात धानाचा कोंडा अंथरला, त्यावर लाद्या, त्यावर तिला ठेवलं, बाजूंनी चुरा भरला. जन्मभर दुसऱ्यांच्या मालासाठी केलं तेच काम.

तिचा धाकटा भाऊ श्रावण दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "भाऊजी, बहीण माही माणूस होती. मासोळी नोहे."

मी मान वर केली नाही. "बर्फ माहा, बायको माही," म्हणालो.

लोकांनी सुचवलं, पोराला फोनवर तोंड दाखवा आणि मोकळे व्हा. मी दाखवलं नाही. एकदा फोनवर पाहिलं की झालं, मग उचला म्हणतील, हे मला माहीत होतं. प्रकाशनंही दोनदा मागितलं. येऊन पाह्य, म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोंडा भिजून पाणी उंबऱ्याशी आलं. बाया पदर नाकाला लावून बसल्या होत्या, आणि माझ्याकडे पाहत नव्हत्या. तेवढ्यात फोन वाजला. प्रकाशच्या भुवयांवर पांढरं साचलं होतं.

"बाबा, इथला बर्फ सरून नाही राहिला, अन् तुमचा पुरणार नाही. न्या मायले."

मी फोन तिच्या तोंडावर धरला. तिकडून वारा तेवढा ऐकू येत होता. हात भरून आला तरी त्यानं बंद करेपर्यंत मी फोन हलवला नाही. उन्हं उतरायच्या आत बांधाखालच्या घाटावर तिला अग्नी मीच दिला.

घरी आलो तर मागच्या पडवीत, कोंड्यात, एक लादी उरलेली. श्रावण म्हणाला, मौतीचा बर्फ घरात ठेवू नये, तलावात टाका. मी लादीवर कोंडा सारला.

सकाळी उठून लादी पोत्यात घातली आणि मोगरी घेतली. तिनं जिथं झाडायचं सोडलं होतं, तिथंच चुरा ओतला. फडताळातला तिचा डबा काढला, त्यात चिंचोके होते, मिरच्या होत्या, मफलर घडी करून ठेवलेला. माणूस माझ्यानं गुडघ्याएवढाच झाला. प्रकाशला फोन लावला आणि माणसासमोर धरला.

तो म्हणाला, "नाक वाकडं बसलं, बाबा."

मी मिरची काढून पुन्हा बसवली. तरी वाकडीच बसली. उन्ह अंगणात यायला लागलं होतं, म्हणून तणस आणायला गेलो.