किल्ली देणारा माणूस

तेव्हा मोबाइल नव्हते. बेळगावच्या दवाखान्यात वडील अत्यवस्थ होते आणि मी सोलापूरहून मोटरसायकलवर निघालो होतो. हातकणंगल्याजवळ इंजिन जाम झालं. कडेच्या उसाला पाणी पाजणारा एक दांडगा माणूस चिखलाच्या पायांनी रस्त्यावर आला.

"कुठं निघालाय, पावणं?" त्यानं अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

मी सगळं सांगितलं. त्यानं टॉवेलला हात पुसले, करगोट्याची किल्ली सोडली आणि बांधावरच्या स्वतःच्या मोटरसायकलकडे बोट केलं.

"ही घिऊन जावा. तुमची ऱ्हाऊ द्या हितंच."

"अहो, तुम्ही मला ओळखत नाही."

"तुमास्नी न्हाय वळखत. पर बाप आजारी पडल्यावर कसं हुतंय, ते वळखतोय की," म्हणत त्यानं किल्ली माझ्या मुठीत कोंबली. नाव त्यानं विचारलं नाही आणि घाईत मलाही ते सुचलं नाही.

आठवड्यानं परतलो. माझी गाडी त्यानं गोठ्यात ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. स्वतःच्या गाडीकडे मात्र त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"बाप कसा हाय?"

"उठून बसले. काल भात खाल्ला."

"मग झालं की!" तो म्हणाला, आणि तोंड फिरवून त्यानं टॉवेलनं डोळे पुसले.