ताक घुसळणारी बाई आणि पाच व्होल्ट

भाद्रपद शुद्ध सप्तमी. काम एकच: गौरींपुढच्या देखाव्यातली ताक घुसळणारी बाई हलती करणे.

संध्याकाळी गौरी आल्या, उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी पूजन, आणि हळदीकुंकवाला श्रीगोंद्यातली आमची निम्मी गल्ली येणार. लग्न झाल्यापासून देखावा मी हातानं करते. पण गेल्या वर्षी बाहुल्या ऐनवेळी थांबल्या होत्या. सासूबाईंनी सांगून टाकलं होतं की यंदाही तसंच झालं तर पुढच्या वर्षीपासून तयार देखावा भाड्यानं आणायचा.

एक छोटी निळी मोटार घुसळणारीच्या पोटात होती, एक पाळण्याखाली. त्यांना हलवणारं बोर्ड मुलाच्या कॉलेजातल्या रोबोटचं, माळ्यावर पडून होतं. ते मोठ्या मोटारींसाठी केलेलं, आठेक व्होल्ट सोडणारं. माझ्या मोटारींना पाच लागतात. मी घाईत पहिली तशीच जोडली. करपल्याचा वास आला आणि ती गेली. जादा आणलेली एकच होती, ती बसवली.

शेजारी जाऊ कापसाची वस्त्रं करत होती. म्हणाली, "ताई, ताकाला बसवली आन तिचाच धूर काढला व्हय?"

"तू वस्त्रं कर," मी म्हटलं.

बोर्डाकडून मोटारींना जाणाऱ्या लाल, म्हणजे अधिकच्या, आणि तपकिरी, म्हणजे वजाच्या, तारा मी तोडल्या. जुन्या मोबाईल चार्जरची वायर कापून त्याचे पाच व्होल्ट मोटारींना दिले. हुकूम नेणारी नारिंगी तार तेवढी बोर्डावरच ठेवली. बटण दाबलं, तर बाई हुडहुडी भरल्यासारखी नुसती थरथरायला लागली. पाळण्याचंही तेच.

चूक कुठली, ते कळायला थोडा वेळ गेला. आमचे हे इन्व्हर्टरची फिटिंग करतात आणि मी त्यांच्याबरोबर काम करते. इन्व्हर्टरचा न्यूट्रल आणि बाहेरच्या लाईनचा न्यूट्रल एकत्र करायचा नाही, हे हाताला इतकं बसलंय की इथेही बोर्डाची आणि चार्जरची वजा तार मी कटाक्षानं वेगळी ठेवली होती. पण नारिंगी तारेतला हुकूम म्हणजे व्होल्टच, आणि मोटार ते मोजते वजा तारेपासून. दोघांचं वजा वेगळं असेल, तर ती मोजणार कशावरून?

दोन्ही वजा तारा मी एकत्र पिळायला घेतल्या. हे दारातून बघत होते.

"न्यूट्रल एक करतेयस?"

"हे न्यूट्रल नाही, वजा आहे. आणि लाल तारा वेगळ्याच आहेत."

ते आत येऊन तारा धरायला बसले, म्हणजे पटलं होतं.

बटण दाबलं. बाईचा उजवा हात पुढे आला, डावा मागे गेला, दोरी ताणली, रवी फिरली. मग उलट. पाळणा सावकाश झुलायला लागला. चांगला अर्धा तास चालू ठेवून मोटारींना हात लावून पाहिला. जरा कोमट, बाकी काही नाही.

जाऊ म्हणाली, लोणी निघालं की सांगा. सासूबाई पदर सावरत पुढे आल्या, वाकून रवीकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"भाड्याचं नाव काढू नका आता कुनी," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरणाची डाळ शिजत घातली आणि ती होईपर्यंत पिळलेले सगळे जोड सोल्डर करून त्यांवर टेप गुंडाळली. मग जावेला बटण दाखवून ठेवलं, कारण बायका येतील तेव्हा माझे हात कणकेत असणार होते.