धानातला फोन आणि विसरण्याचा आरोप

“आमच्या बाबांनी पहिला स्मार्टफोन सेल्फी काढता काढता तलावात बुडवला. मग सुकवायला म्हणून धान साठवायच्या ढोलीत पुरला. मग विसरले. फोन गेला धानासोबत राइस मिलमध्ये, अन् तिथून भरडून परत आला. तेव्हापासून आम्ही त्यांना केशोरीला एकटं राहू देत नाही.”

ही कथा माझा मुलगा सांगतो. लग्नात सांगतो, बारशाला सांगतो, एकदा तर तेरवीच्या जेवणातही त्याने सांगितली आणि ज्यांच्या घरी मृत्यू झाला होता ते लोकही पोट धरून हसले. मी त्याच पंगतीत बसलो होतो. कथेच्या शेवटी सर्वांनी माझ्याकडे पाहावे आणि मीही किंचित हसावे, असा आता रिवाजच पडला आहे. पूर्वी मी मध्येच थांबवून दुरुस्ती करीत असे. पण लोक पूर्वार्धातच हसून मोकळे होतात. उत्तरार्ध ऐकायला कोणी उरत नाही. म्हणून आता लिहून ठेवतो. वाद घालण्याचे बळ पूर्वीइतके राहिलेले नाही, परंतु खोटे मान्य करण्याची सवयही अद्याप लागलेली नाही.

केशोरीला माझे घर आहे. पत्नीच्या मृत्यूनंतर मी तिथे एकटाच राहत होतो आणि माझे उत्तम चालले होते. आमच्या पूर्वजांनी तलाव बांधले. मी त्या तलावाच्या पाण्याची वाटणी पाहण्यात आयुष्य घालवले. कोणाच्या धानाच्या बांधीत किती वेळ पाणी गेले, पाणी सोडायचे तुडूम कोणी उघडले, कोणी रागाने बंद केले, या भांडणांत मी दोन्ही बाजू ऐकून निवाडा देत आलो. एकाच बाजूच्या तोंडून आलेली हकीकत कितपत खरी धरायची असते, हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही.

पहिला आरोप असा की, मला वस्तू सांभाळता येत नाहीत. हा आरोप करणाऱ्याला आमच्या घरातला तारेचा फोन आठवत नसावा. नव्याण्णवच्या सुमारास तो आला तेव्हा गावात मोजक्याच घरी फोन होते. पत्नीने त्याच्यावर क्रोशाचे झाकण विणले. मी सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली आणि तिला कुलूप लावले. लोक म्हणत, “काऊन जी, फोनले काय थंडी वाजते?” वाजत नव्हती. परंतु अवतीभोवतीचे फोन धुळीने आणि पालींनी बंद पडत गेले, आमचा शेवटपर्यंत स्वच्छ बोलत राहिला. पुढे लोकांनीच तारेचे फोन सोडले, तेव्हा मीही तो सोडला. तो बिघडला म्हणून नव्हे.

स्मार्टफोन मुलाने दिला. गोंदियाच्या बाजारातून आणला आणि देतानाच म्हणाला, “बाबा, जपून हं. महाग आहे.” ज्याच्या स्वतःच्या फोनची काच कोळ्याच्या जाळ्यासारखी तडकलेली होती, त्याने हे सांगितले. तो पँटच्या मागच्या खिशात फोन ठेवून त्यावर बसतो. मी विचारले, “हे काय?” तर म्हणाला, “चालतो ना अजून!”

मी मात्र पहिल्याच आठवड्यात पडद्यावर जाड काच चिकटवून घेतली, पाठीला रबरी आवरण घातले. गावच्या शिंप्याकडून जुन्या रेनकोटच्या कापडाची पिशवी शिवून घेतली आणि ती गोफाने गळ्यात अडकवली. आठवडी बाजारात जाताना पिशवी बंडीच्या आत, चोरखिशात. विजा चमकू लागल्या की चार्जर भिंतीतून बाहेर. वरणभाताच्या हाताने फोनला स्पर्श नाही. सुनेने एकदा पाहिले आणि म्हणाली, “मामाजी, इतकं तर आम्ही दागिन्यांलेही जपत नाही.” मी म्हटले, “म्हणूनच तुमचे दागिने हरवतात.” ती रागावली नाही, ती समंजस आहे. तिचे एक कानातले त्याच दिवाळीत हरवले होते.

आता सेल्फीविषयी. मी त्या कॅमेऱ्याचे तोंड माझ्याकडे कधीही वळवलेले नाही. माझा चेहरा मला ठाऊक आहे. त्या वर्षी धान कापून, मळून ढोलीत भरून झाले होते आणि तलाव अजून काठोकाठ होता. तुडुमाच्या बाजूने तलावाच्या मातीच्या पाळीतून पाणी झिरपताना मला दिसले. पाटबंधारे कार्यालयात कळवले तर तिथला साहेब म्हणाला, “काकाजी, फोटो भेजो, तब देखेंगे.” तलाव फुटला तर त्याचा फोटो लागत नाही, फुटू नये यासाठी मात्र लागतो. मी पाळीवरून खाली उतरलो. पिशवीतून कॅमेऱ्याला दिसत नाही, म्हणून फोन बाहेर काढला, झिरपणाऱ्या जागेवर वाकून एक फोटो घेतला आणि दुसरा घेऊ लागलो. माझे पाय दगडावर पक्के होते. जन्म त्या पाळीवर गेला आहे.

इतक्यात वरून पुतण्या ओरडला, “काका! काऊन वाकून राहिले जी? पडसान ना!”

“पडत नाही. थांब.”

तो थांबला नाही. धावत खाली आला आणि मला वाचवण्यासाठी त्याने माझा कोपर गच्च धरून मागे ओढला. मी पडणार नव्हतो, पडलोही नाही. हातातला फोन पडला. कथेत पुतण्या नाही. तो कथा ऐकायला हजर असतो आणि सर्वांपेक्षा मोठ्याने हसतो.

फोन मीच पाण्यातून काढला, कारण वाचवणारा काठावर हळहळत उभा होता. ताबडतोब बंद केला, आवरण उतरवले, धोतराच्या सोग्याने पुसला. पुतण्या म्हणाला, “तांदळात ठेवा काका. नेटवर सांगतात.”

इथे माझ्यावरचा सर्वांत मोठा विनोद सुरू होतो, म्हणून शांतपणे सांगतो. घरात तांदूळ होता तो डब्याच्या तळाशी, दोन वेळच्या भाताचा. आमच्याकडे तांदूळ साठवत नाहीत. धान साठवतात आणि लागेल तसे कांडून आणतात. ओंजळभर तांदळात फोन ठेवणे म्हणजे ओल्या माणसाला रुमाल देणे. उलट ढोलीत कडक उन्हात वाळवलेले नवे धान होते, कोरडे, ओल पिऊन घ्यायला तहानलेले. शहरातल्या माणसाला याचे हसू येते, कारण त्याला तांदूळ दुकानात उगवतो असे वाटते. धानाचे तूस फोनच्या भोकांत जाऊ नये म्हणून मी फोन जुन्या मलमलीत गुंडाळला, लाल दोऱ्याने बांधला आणि दोऱ्याचे टोक ढोलीच्या काठावर दिसेल असे बाहेर सोडले. विसरणारा माणूस दोरा बाहेर सोडत नाही.

कोणाला सांगितले नाही, असेही म्हणतात. हेही खोटे. त्याच संध्याकाळी किराणा दुकानदाराच्या फोनवरून मी फुलचूरला मुलाच्या घरी बोललो. फोन सुनेने घेतला.

“मामाजी, तुमचा नंबर लागतच नाही! आम्ही घाबरलो.”

“फोन भिजला. धानात वाळत ठेवला आहे.”

“धानात?” ती हसू लागली. “अहो ऐकलं का, मामाजींनी फोन धानात ठेवला!”

मागून मुलाचा आवाज स्पष्ट ऐकू आला, “बाबा, तांदूळ म्हणतात हो! धान नाही!”

“तुझ्या आजीने धानात अंडी ठेवली, सोने ठेवले. त्यात काही बिघडले नाही.”

“अंड्याले बॅटरी नसते, बाबा!”

दुकानदारही हसला. मीही हसलो, हे मान्य करतो. उत्तर चांगले होते. परंतु ते हसणे म्हणजे पोच होती. फोन कुठे आहे हे त्या घराला ठाऊक होते.

यानंतर कथेप्रमाणे मी विसरलो आणि पोती भरली गेली. पोती जणू आपोआप भरतात! तीस वर्षे मी निवाडे केले. पाणी आपोआप वळले, असे सांगणाऱ्याकडे मी प्रथम पाहत असे.

ढोली उपसणाऱ्या हमालांपैकी एक मला पुढे बाजारात भेटला. मी त्याला सरळ विचारले, लाल दोरा दिसला नाही का?

“दिसला ना जी. गाठोडंही सापडलं.”

“मग?”

“मले वाटलं पूजेचं होय. तुमच्याकडे ढोलीत बरकतीचं बांधून ठेवत असतील. खोलाले हात नाही धजला. हात जोडले, अन् पोत्यात टाकलं. म्हटलं, लक्ष्मी चालली तं तिच्यासंगंच जाऊ द्या.”

मी त्याच्यावर रागावू शकलो नाही. धानाच्या राशीवर कुंकू वाहणाऱ्या मुलखात लाल दोऱ्याने बांधलेल्या पांढऱ्या कापडाचा दुसरा अर्थ कोणी काढावा, अशी अपेक्षा करणेच चूक. चोरापासून, पाण्यापासून, धुळीपासून मी फोनला जपले. भक्तीपासून जपण्याची काही युक्ती मला सुचली नव्हती.

फोन भरडला गेला, ही शुद्ध सजावट आहे. मिलमध्ये धान आधी चाळणीवर पडते. काडी, खडा, दोरी तिथेच अडकते. गाठोडेही तिथेच अडकले. पोत्यावरच्या खुणेवरून मालक कोण ते कळले आणि मिलचा मुनीम मला म्हणाला, “काकाजी, आपका मोबाइल तो पॉलिश होते-होते बच गया!” आवरणाला ओरखडे होते. पडद्यावर मी लावलेली काच तडकली होती. तिच्याखालचा पडदा अखंड होता. चार्जर लावल्यावर तो सुरू झाला आणि त्यात पाळीचा फोटोही निघाला, पाणी झिरपताना अगदी स्पष्ट. धानाने त्याचे काम केले होते. हा भाग कोणी सांगत नाही, कारण यावर हसता येत नाही.

हसण्यावर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो हसून झाल्यावर त्या कथेचा जो उपयोग केला गेला, त्यावर. आम्ही चौघे एकदा फुलचूरच्या घरी पुढच्या खोलीत बसलो होतो: मी, मुलगा, सून आणि पुतण्या. मुलगा माझ्याकडे न पाहता म्हणाला, “आज फोन विसरले, उद्या गॅस विसरतील.” पुतण्याने मान हलवली. सून म्हणाली, “इथं काय कमी आहे, मामाजी?” काहीच कमी नव्हते. केशोरीच्या घराची किल्ली मी टेबलावर ठेवली. वाद घातला असता, पण ज्याची स्मृती संशयित ठरली आहे, त्याने आठवणीच्या आधारे वाद कसा घालायचा? मी जे सांगेन, त्यावर ते सौम्यपणे हसणार. ते सौम्य हसणे फार थकवते. रागाला उत्तर देता येते.

तेव्हापासून मी फुलचूरलाच आहे. खोली हवेशीर आहे, जेवण वेळेवर मिळते. फोन अजून माझ्याजवळ आहे. त्यावर नवी काच मी स्वतः लावून आणली. दर वर्षी धानाच्या रोवणीच्या आधी मी विचारतो, केशोरीला जाऊन राहू का? वर्षागणिक विचारण्याचा माझा आवाज बारीक होत चालला आहे, हे मलाही ऐकू येते. दर वर्षी उत्तर म्हणून तीच कथा येते, आणि समोर पाहुणे असतील तर पूर्ण अभिनयासह. यंदाही मी विचारले आहे. मुलाने “बघू” म्हटले, आणि ‘बघू’ म्हणजे काय ते पाण्याच्या वाटणीत मी पुष्कळदा पाहिले आहे.

म्हणून एकदाच, न रागावता, लिहून ठेवतो. सेल्फी सोडून द्या, भरडणे सोडून द्या, तांदूळ की धान हेही सोडून द्या. विसरला कोण, एवढ्यापुरतेच पाहा. ही कथा ऐकणाऱ्या इतक्या लोकांत एकानेही आजवर विचारले नाही की, ढोली उपसली जात असताना घरमालक कुठे होता. मुलानेही ते कधी सांगितले नाही. पोती भरली त्या दिवशी मी केशोरीत नव्हतोच. फोन धानात वाळत असतानाच मोतीबिंदूच्या ऑपरेशनची ठरलेली तारीख आली, आणि त्यानंतर मी फुलचूरला, मुलाच्या याच घरात, डोळ्यावर पट्टी बांधून पडलो होतो, आणि धान न्यायला गाडी पाठवा, असे मला न विचारता व्यापाऱ्याला माझ्या मुलानेच कळवले होते.