डॉक्टर जीवनचे सहा पॉइंट

तलासरीत जीवन डॉक्टरचा दवाखाना विचारलात तर लोक पत्ता सांगत नाहीत. म्हणतात, आरडाओरडा ऐकू येईल तिथे वळा. माणूस मूळचा गंजाडचा. आपल्या पाड्यातून एमबीबीएस झालेला पहिला, आणि एकतीस वर्षांत हे कुणाला विसरू न देणारा. उशिरा आलेल्या तापाला शिव्या, अर्ध्यात सोडलेल्या गोळ्यांना शिव्या. तरी बाकावर बसायला जागा नसते. तो पेशंटना अरेतुरे करतो, ते त्याला करतात. फिट्टंफाट!

तर या बाबाचं रजिस्ट्रेशन संपत आलं. डॉक्टरांना ते दर पाच वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं आणि त्यासाठी व्याख्यानांना बसून तीस पॉइंट जमवावे लागतात. नाहीतर दवाखान्याला कुलूप. आपला गडी निर्धास्त होता. फाइलीत छत्तीस पॉइंट होते. दवाखान्याचा सगळा कारभार बघणाऱ्या निलमने कॉम्प्युटरवर फॉर्म भरायला घेतला, तेव्हा साहेब पाय पसरून ताक पीत होते.

"डॉक्टर, यातले बारा वापीचे आहेत," निलम म्हणाली.

"मग? वापीला जेवण फर्स्टक्लास असतं."

"वापी गुजरातेत आहे."

आता घ्या! तलासरीच्या माणसाला कुठली सरहद्द आणि कुठलं काय? भाजी तिकडची, सोयरीक तिकडची, चपलासुद्धा तिकडच्या. डॉक्टरही पाच वर्षं जवळ पडतं म्हणून तिकडेच पळत होता. पण ते पॉइंट पडले दुसऱ्या राज्याच्या मेडिकल कौन्सिलचे, आणि आधी परवानगी घ्यायची अक्कल कुणाला होती? छत्तीसातून बारा गेले. सहा कमी, आणि हातात दिवस अकरा.

डॉक्टरने कौन्सिलला, कॉम्प्युटरला, निलमला आणि शेवटी वापीच्या उंधियूला शिव्या घातल्या. मग हिशोब मांडला. वय त्रेसष्ट. जावई कधीचा म्हणतोय, "पप्पा, आता बास करा." दवाखाना गेला तर उरलं आयुष्य काय अंगणातल्या कोंबड्या तपासायच्या? भीती वाटली त्याला, खरीखुरी.

नशीब बघा, त्याच शनिवार-रविवारी डहाणूला दोन दिवसांचा कार्यक्रम निघाला. नेमके सहा पॉइंट. एका औषधवाल्याने युक्तीही शिकवली, सकाळी सही करायची, संध्याकाळी सही करायची, मधे समुद्रावर नारळपाणी. डॉक्टरला अगदी पटलं. पण दारात बसलेली बाई महाबिलंदर निघाली. प्रत्येक व्याख्यानाला वेगळी सही, आणि सही झाली की बाहेरच्या वाटेवर खुर्ची टाकून स्वतः बसायची.

शनिवारचं पहिलं व्याख्यान डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांवर. दुसरं, पेशंटशी गोड कसं बोलावं यावर. त्यात डॉक्टर इतका घोरला की वक्त्याने माइक मोठा करायला सांगितला.

रविवारी मुंबईहून आलेली एक पोरगेलीशी डॉक्टरीण उभी राहिली. विषय सिकल सेल, आईबापांकडून पोरांत उतरणारा रक्ताचा रोग. "घ्या, आमच्या पाड्यांचा रोग आता ही आम्हाला शिकवणार," डॉक्टर शेजारच्याला मोठ्याने म्हणाला. ऐकू गेलं तिला. ती बिचारी बोलत राहिली. तिने एका पेशंटची गोष्ट सांगितली. मुलगी, वय अकरा, गुडघे सुजलेले, ताप. हृदयाला अपाय करणारा सांधेताप समजून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनची सुई. वर्षानुवर्षं सुई चालू आणि डोळे पिवळे. खरा रोग सिकल सेल. "फाइलवर एकदा रोग लिहिला," ती म्हणाली, "की पुढे सगळे फाइलच तपासतात."

डॉक्टरची झोप खाडकन उडाली. रविना!

कोसबाडच्या बाजूच्या पाड्यावरची ही बुधीबाईची पोर. सहा वर्षं त्याच्याकडे याच सुईला येत होती, एक खाडा नाही. आणि हा तिचं कार्ड इतरांना दाखवून ओरडायचा, शिका, शिका काहीतरी! सिकल सेल त्याला माहीत नव्हता थोडाच? आठवड्याला चार जणांना तो तपासणी लिहून द्यायचा. पण रविनाचं निदान करून झालेलं होतं ना, आणि केलेलं कुणी? जीवन डॉक्टरने!

तो उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, आता हा भांडणार.

"आणि ज्याने चूक केली, त्याने काय करायचं?"

"आधी तपासणी," ती म्हणाली. "मग पेशंटला जाऊन सांगायचं."

संध्याकाळपर्यंत तो तिथेच बसला. समोर कोण काय बोललं, एक अक्षर डोक्यात शिरलं नाही. सोमवारी त्याने निलमकडून बुधीबाईला निरोप धाडला आणि रविनाचं रक्त सरकारी दवाखान्यात पाठवलं.

गुरुवारी रजिस्ट्रेशन नवं झाल्याचा मेल आला आणि तासाभरात रविनाचा रिपोर्टही आला. सिकल सेलच. निलमने आणलेला पेढ्यांचा पुडा तसाच राहिला. मायलेकी समोर बसल्या होत्या. डॉक्टरने रिपोर्ट त्यांच्यापुढे सरकवला.

"बुधीबाई, मी चुकलो. हिला सांधेताप नव्हताच. सहा वर्षं सुया फुकट गेल्या. खरं औषध वेगळं आहे, ते सुरूच केलं नाही मी."

"शाळेत सरकारी लोक या रोगासाठी रक्त बघायला आलेले," बुधीबाई म्हणाली. "मीच हिला पाठवली नाही. म्हटलं, आमच्या जीवनने रोग शोधलाय, तुम्ही कोण? सुईला ही ओरडायची, तवा मी हिचे पाय दाबून धरायची. तू सांगितलंस म्हणून."

डॉक्टरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रविना खाली मान घालून ओढणीचं टोक पिळत होती. "आता सुई नाही ना?" एवढंच तिने विचारलं. त्याने मान हलवली, आणि नव्या गोळ्या, भरपूर पाणी, दर महिन्याची रक्ततपासणी, सगळं सांगायला लागला. बुधीबाईने हात वर करून त्याला थांबवलं.

"धाकटी पोर हाय घरी, सुकी नावाची. तिचीपण हाडं दुखतात. दोन वरीस झाली, मी तिला हिच्याच दुखण्याच्या गोळ्या देतेय, अर्धी-अर्धी. म्हटलं, रोग तर ठाऊकच हाय, तुला कशाला तरास?"

डॉक्टर उठला. बाहेर बाक भरलेला होता, तिकडे त्याने पाहिलंही नाही. टेबलावरची गाडीची किल्ली उचलली.

"चला," तो म्हणाला, "आधी सुकीकडे."