गुणवंतरावांच्या चक्कीचं पीठ

"पीठ आमच्या घरचंच घाला, बाई. चिन्नोर तांदळाचं आहे, बाजारातला भुसा नाही," असं म्हणत गुणवंतरावांनी पिठाची पिशवी थेट माझ्या धुतलेल्या ओट्यावर ठेवली. मी ती उचलून दाराबाहेर ठेवली. त्यांना ते आवडलं नाही.

लाखनीला हायवेवर माझी छोटी बेकरी आहे. गुणवंतराव मोहाडीचे धानाचे व्यापारी. त्यांच्या मुलाचा साखरपुडा दोन दिवसांवर आला होता, आणि होणारी सून, दिघोरीची प्राची, सीलिॲकची पेशंट. म्हणजे गव्हात जे ग्लुटेन असतं, ज्याच्यामुळे पोळीची कणीक ताणली जाते, ते पोटात गेलं की तिच्या आतड्याला इजा होते. अगदी चिमूटभरही चालत नाही. पण साखरपुड्यात सासूच्या हातचा गोड घास सगळ्यांसमोर खावाच लागतो. नाही म्हटलं की मुलगी आखडू ठरते. म्हणून प्राचीनंच मला फोन केला होता.

"ताई, मांगं एका लग्नात लोकांनी आग्रह केला म्हणून एक तुकडा खाल्ला, अन् सलाईन लागली मले. मऊ कुकीज करून द्या, म्हणजे हासत खाता येईन."

मी बेकरी एक दिवस बंद ठेवली. मैदा हवेत उडतो आणि कुठेही जाऊन बसतो. ओव्हन, ओटा, भिंती सगळं पुसलं, ट्रे नवे आणले. आणि हे गृहस्थ पिशवी घेऊन उभे.

बाहेर जाऊन मी चिमूटभर पीठ तळहातावर घेतलं. तांदळाचं पीठ पांढरं असतं. ह्यात तपकिरी कण होते. गव्हाचा कोंडा.

"काका, कुठे दळलं हे?"

"गावच्या चक्कीवर. तिथं आमाले लाईन नाही लागत. लोकायचे गव्हाचे डबे बाजूले सारले अन् आमचं आधी दळून देल्लं."

चक्कीवर साधी रीत आहे, तांदूळ तांदळावर दळायचा. तांदळाची पाळी येईपर्यंत कुणीही म्हातारी निमूट बसून राहते. गुणवंतरावांना बसवलं नाही. चक्कीत अडकलेला साऱ्या गावाचा गहू त्यांच्या चिन्नोरमध्ये उतरला. हा त्यांच्या मानाचा प्रसाद.

"हे चालणार नाही."

"काहून? एवढुशानं काय होते? आजकालच्या पोरींचे नखरे आहेत हे."

"नखऱ्यांना सलाईन लावत नाहीत, काका."

"पावन्यायले सांगून ठेवलं, आमच्या चिन्नोरचं आहे म्हणून."

"मग तांदूळ पाठवा. दळायचं मी बघते."

तांदूळ आला. धुतला, वाळवला, नव्या मिक्सरमध्ये दळला. नुसत्या तांदळाची कुकी कडक होते आणि चुरते, म्हणून पिकलेल्या चिकूचा गर घातला. त्यात बारीक चिरलेला खजूर, सुंठ, दालचिनी, तूप, गूळ. मळलेलं पीठ झाकून मुरू दिलं, नाहीतर दाताखाली रवाळ लागतं. मधला भाग नरम असतानाच ट्रे बाहेर काढले.

कुकीज घेऊन मी स्वतःच साखरपुड्याला गेले. तिथे सासूबाईंनी घास भरवला. प्राचीनं खाल्ला, आणि दुसरी कुकी स्वतःहून उचलली. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात गुणवंतराव उठले आणि, तांदूळ स्वतःच पाठवलेला असूनही, खुशाल म्हणाले,

"पाहा, आपल्याच चक्कीचं पीठ आहे. काय झालं पोरीले? लग्न झालं का पोळ्याबी खाईन."

पाहुणे हसले. प्राचीचा चेहरा उतरला. माझं डोकंच फिरलं.

"काका, तुमचं पीठ मी वापरलंच नाही. तुम्हाला पाळी धरवली नाही, म्हणून त्यात गहू आला होता. ते घातलं असतं, तर ही आज दवाखान्यात गेली असती."

सासूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग प्राचीला हळूच विचारलं, "मंग दळायले घरघंटी येगळी लागन काय, बाई?"

"हो, आई. तवाबी वेगळा लागन."

"घेऊ."

गुणवंतराव त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. धंद्याचं म्हणाल तर ग्लुटेन-फ्री कुकी काही अवघड नाही. ओव्हन घासला की गहू निघतो. मोठेपणा निघायला मात्र घरातल्या बाईनंच 'काय लागन' असं विचारावं लागतं.